‘वाट चालू आहे’ एवढे सांगून भागत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कॅनडातल्या व्हिसलर गावातील डोंगरी सायकलिंगविषयी आलेला लेख इथल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये बराच फिरला. हिवाळ्यात ज्या उतारांवर स्कीइंग चालते, त्याच उतारांवर उन्हाळ्यात लिफ्टने सायकल वर न्यायची आणि जंगलातून आखलेल्या वाटांनी खाली उतरायचे, या प्रकाराविषयी इतक्या आपुलकीने मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात पूर्वी आले नव्हते. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, ते त्या लेखाच्या एका सुरामुळे. वाटा हिरव्या (सोप्या), निळ्या (मध्यम) आणि काळ्या (अवघड) अशा अवघडपणानुसार विभागलेल्या असतात, कोणती वाट चालू आहे हे फलकावर दिसते, तेव्हा आपल्याला झेपेल तो रंग निवडला की नवख्यानेही काळजी करू नये, असे तो लेख वाचून कोणालाही वाटेल. मलाही बारा वर्षांपूर्वी तसेच वाटत होते. हा समज अपुरा आहे आणि त्यापायी माझ्या भाच्याचा कॉलरबोन मोडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, शेतकरी घरातला. गेली चौदा वर्षे व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबी शहरात राहतो आणि त्यांपैकी बारा उन्हाळे या सायकलिंगमध्ये घालवले आहेत. व्हिसलर इथून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. तिथले बाइक पार्क १९९९ पासून रीतसर चालते आणि जगातल्या अशा पार्कांमध्ये त्याचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेसातशे मीटरवर आहे आणि सर्वांत वरची लिफ्ट जवळजवळ २,२०० मीटरपर्यंत नेते, म्हणजे शिखराजवळून निघालेला सायकलस्वार गावात पोहोचेपर्यंत दीड किलोमीटर उभा उतार उतरलेला असतो. एवढ्या उंचीच्या फरकात एकाच दिवशी वर चिखल, मध्ये उत्तम जमीन आणि खाली फुफाटा असे तिन्ही प्रकार भेटू शकतात. हे आपल्या लेखात यायला हवे होते.

वाटेचा रंग ती बांधली जाते तेव्हा ठरतो. उतार किती तीव्र आहे, रुंदी किती आहे, उड्या आणि कडे टाळून जाता येते की नाही, मुळे आणि खडक किती आहेत, हे पाहून तो दिला जातो आणि मग तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. फलकावरची ‘चालू’ ही खूण त्या दिवशी वाट बंद ठेवण्यासारखे काही घडलेले नाही, एवढेच सांगते. आज सकाळी त्या वाटेची माती कोणत्या अवस्थेत आहे, शेवटची डागडुजी कधी झाली, वळणाआधी किती खड्डे पडले आहेत, हे ना रंगावरून कळते ना त्या खुणेवरून. चालवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र निम्मा अवघडपणा तिथेच असतो. चार दिवसांच्या पावसानंतर उघडी मुळे साबण लावल्यासारखी झालेली निळी वाट नवख्याला एखाद्या कोरड्या काळ्या वाटेइतकी भारी पडू शकते.

माझे वडील पेरणीआधी रानात वाकून मूठभर माती उचलत, मुठीत दाबून तिचा गोळा करत आणि कमरेच्या उंचीवरून तो खाली टाकत. गोळा पडताच फुटून मोकळा झाला की जमीन वाफशावर आली असे समजायचे. तो चिकटून राहिला तर ओल अजून जास्त आहे आणि मुळात गोळाच वळला नाही तर ओल निघून गेली आहे. इथे व्हँकुव्हरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत सायकलच्या वाटा दुरुस्त करायला स्वयंसेवक म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा कामाची देखरेख करणाऱ्या बाईंनी फावडे हातात देण्याआधी नेमके हेच केले. मूठभर माती दाबली, टाकली, पाहिली आणि आज काम होईल असे सांगितले. माती वाफशावर असेल तरच ती धुम्मसाने चोपून बसवता येते. कोरडी माती कितीही चोपली तरी दुसऱ्या दिवशी भुगा होऊन निघते आणि चिखल चोपला तर तो धुम्मसालाच चिकटून वर येतो. वाटा बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे मोठे काम म्हणूनच वसंतात आणि शरदात उरकले जाते. चालवणाऱ्यांनाही हीच अवस्था सर्वांत प्रिय असते, कारण टायर जमिनीत रुतल्यासारखा धरून राहतो आणि सायकल कलती करून वळण घेताना मागचे चाक सरकत नाही. त्यांनी तिला इंग्रजीत स्वतंत्र नाव दिले आहे. आपल्याकडे वाफसा हा शब्द फार पूर्वीपासून आहे आणि मला तो अधिक नेमका वाटतो.

अडचण अशी की पार्कचा हंगाम आणि वाफशाचा काळ यांची गाठ थोडेच दिवस पडते. इथला पावसाळा आपल्या उलट, हिवाळ्यात असतो. व्हिसलरचा सायकलचा हंगाम साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. मे-जूनमध्ये खालच्या वाटा बर्फाच्या पाण्याने ओलसर असतात आणि शिखराजवळच्या वाटा अजून बर्फाखाली असल्याने उघडतच नाहीत. महाराष्ट्रात धुवांधार पाऊस कोसळत असतो ते जुलै आणि ऑगस्ट हे इथले सर्वांत कोरडे महिने, आणि गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त. २०२१ च्या जूनअखेरीस याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला होता, इतके इथले उन्हाळे आता तापू शकतात. डोंगरावरची माती म्हणजे प्राचीन हिमनद्यांनी आणून टाकलेला गोटेमिश्रित गाळ आणि त्यावर कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पातळ थर. जंगलाच्या सावलीत हा थर ओल धरून ठेवतो. उघड्यावर यंत्राने कापून केलेल्या रुंद वाटांवर मात्र तो थर उरलेलाच नसतो, त्यामुळे उन्हाचे दोन आठवडे लागले की घोट्याइतका फुफाटा साचतो. फुफाट्याचा खरा धोका घसरण्यापेक्षा झाकण्यात आहे. खालचा दगड, मोकळे झालेले मूळ, उडीनंतर सायकल टेकते त्या जागेचा खळगा, हे सगळे एकसारख्या करड्या पिठाखाली सपाट दिसते.

यात भर पडते ती ब्रेकच्या खड्ड्यांची. वळण आले की प्रत्येक जण थोड्याफार फरकाने त्याच टप्प्यात ब्रेक दाबतो. मागचे चाक माती ओढत नेते आणि पुढे तिची लहानशी ढेप साचते. पुढचा सायकलस्वार त्या ढेपेवरून किंचित उडतो आणि पलीकडे आदळतो, तिथे खळगा पडतो, त्या खळग्याच्या कडेला आणखी माती चढते. दिवसाच्या शेवटी तो वीस-पंचवीस फुटांचा तुकडा पन्हाळी पत्र्यासारखा होतो. आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यावर एस. टी. थरथरत जाते, ती याच कारणाने. टोरांटो विद्यापीठाचे स्टीफन मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या लाटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिरत्या वाळूवर चाक सोडून त्यांनी दाखवले की एका ठरावीक वेगाच्या खाली पृष्ठभाग सपाट राहतो आणि त्या वेगापुढे लाटा आपोआप उठू लागतात. त्यासाठी चाकाला स्प्रिंग असण्याचीही गरज नसते. डोंगरउतारावर त्या वेगाच्या खाली राहायला कोणी येत नाही. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे सतत दुरुस्ती.

लिफ्टमुळे या झिजेचा हिशेबच बदलतो. पायडल मारत चढायचे असेल तर चांगला दणकट माणूसही दिवसात दोन-तीन वेळाच खाली येतो. लिफ्टने तोच माणूस दहा-बारा वेळा सहज येतो, आणि त्याच्या हाताखाली जड, लांब स्प्रिंगांची, जोरकस ब्रेकची डाउनहिल बाइक असते. व्हिसलरला गावातून निघणारी फिट्झसिमन्स ही चार आसनांची लिफ्ट काढून २०२३ च्या अखेरीस आठ आसनांची बसवली गेली. रांग कमी झाली याचा मलाही आनंद आहे, पण जितकी माणसे लवकर वर जातात तितकी चाके लवकर खाली येतात, हे उघड आहे. तिथल्या ‘ए-लाइन’सारख्या नावाजलेल्या वाटेवर सकाळी दहाला एक जमीन असते आणि दुपारी चारला दुसरी. संध्याकाळी लिफ्ट थांबल्यावर फावडी, दाताळी आणि चोपण्याची यंत्रे घेऊन उतारावर चढणारे कामगार मी पाहिले आहेत. सकाळी आपल्याला जी गुळगुळीत वळणे मिळतात, ती त्यांच्या पाठीच्या जोरावर मिळतात. माझी तक्रार त्यांच्या कामाविषयी मुळीच नाही.

तक्रार आहे ती माहितीविषयी. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा पुण्याहून इथे शिकायला आला. पुण्यात तो टेकड्यांवर नियमित सायकल चालवायचा, त्यामुळे तोल आणि हिंमत दोन्ही होती. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी धरून आम्ही प्रांताच्या आतल्या भागातल्या एका लहान बाइक पार्कमध्ये गेलो. त्याचे नाव इथे देत नाही, कारण हा दोष त्या एका ठिकाणचा नाही. लिफ्टच्या पायथ्याशी फलकावर निळ्या वाटेसमोर चालू असल्याची खूण होती. मी दोन दिवसांपूर्वीच्या वाऱ्याने साचलेली धूळ पाहून म्हणालो की पहिली फेरी हिरव्या वाटेने मारू. तो म्हणाला, “मामा, चालू आहे असं लिहिलंय ना? आणि निळीच तर आहे.” मला त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते, कारण फलकावर खरेच तेवढेच लिहिले होते.

तिसऱ्या वळणाआधी लहानशी उडी होती, चाके न उचलता तिच्यावरून जाता येईल इतकी. ती त्याने नीट घेतली. जिथे चाके टेकतात तिथे मात्र पूर्ण हंगामाच्या माऱ्याने परातीएवढा खळगा पडला होता आणि तो फुफाट्याने काठोकाठ भरलेला होता. पुढचे चाक त्यात बसले आणि तो डाव्या खांद्यावर पडला. मी मागून पोहोचलो तेव्हा धूळ अजून हवेत होती आणि तो खाली बसून उजव्या हाताने डावा हात धरून होता. गस्तीचे लोक दहा मिनिटांत आले आणि त्यांनी अतिशय मायेने त्याला खाली नेले. त्यांतला एक तरुण हात झोळीत बांधताना सहज बोलून गेला की या जागी या आठवड्यातला हा तिसरा. म्हणजे खळग्याची माहिती डोंगरावर होती, पण ती पायथ्याच्या फलकापर्यंत पोहोचली नव्हती.

असे अपघात विरळ असतात असे कोणी समजू नये. व्हिसलरच्या आरोग्य केंद्रात २००९ च्या एका हंगामात बाइक पार्कमधून आलेल्या जखमींचा डॉक्टरांनी अभ्यास केला होता. त्यात ८९८ रुग्णांची नोंद झाली, ४२० हाडे मोडली होती आणि त्यांतली तीनचतुर्थांश खांदा, हात, मनगट या भागांतली होती. त्यांतले किती अपघात वाटेच्या अवस्थेमुळे झाले हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही आणि मी तसा दावाही करत नाही. सायकलवरून पडणारा माणूस आधी हात आणि खांदा टेकवतो, एवढे मात्र त्यातून दिसते, आणि ज्याला जमिनीची पूर्वकल्पना आहे तो कमी वेळा पडतो हे कोणीही अनुभवी माणूस सांगेल.

माझे म्हणणे नवे किंवा अवघड नाही. याच डोंगरांवर हिवाळ्यात रोज सकाळी सविस्तर वार्ता दिली जाते: रात्री किती बर्फ पडला, एकूण किती साठला आहे, कोणत्या उतारांवर यंत्र फिरवून बर्फ समतल केला आहे. स्कीइंग करणारे ती वाचूनच घराबाहेर पडतात आणि ती देण्याने कोणाचा धंदा बुडालेला नाही. बर्फ वितळला की मातीच्या बाबतीत मात्र बहुतेक पार्क ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांवर येतात. काही ठिकाणी नुकत्याच दुरुस्त झालेल्या वाटांची वेगळी खूण देतात, त्यांचे मला कौतुक आहे. प्रत्येक वाटेपुढे आजची जमीन ओली, वाफशावर की कोरडी भुसभुशीत, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला, एवढ्या दोन नोंदी केल्या तरी नवख्या माणसाला केवढा आधार होईल. ही माहिती मिळवायला वेगळी यंत्रणा लागत नाही. गस्तीचे लोक सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी वाटा उतरून पाहतातच. त्यांनी पाहिलेले फलकावर यावे, इतकेच.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की जमीन तासातासाला बदलते, सकाळची नोंद दुपारी खोटी ठरेल. बर्फही बदलतो, तरी सकाळची वार्ता कोणी निरुपयोगी मानत नाही, आणि तिच्यावर वेळ घातलेली असली की वाचणारा आपला हिशेब करतो. दुसरा आक्षेप कायद्याचा: खड्डा आहे असे लिहून दिले तर उद्या कोणी तेच लिखाण कोर्टात दाखवेल. मी वकील नाही. पण तिकीट काढताना आपल्याकडून जोखीम मान्य असल्याची लांबलचक सही घेतली जाते. जोखीम मान्य करायची तर ती आज काय आहे हे मला कळायला हवे, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

चालवणाऱ्यांची बाजू झाकून मला हे लिहायचे नाही, कारण वाट बिघडवणारे आम्हीच आहोत. मागचे चाक आवळून घसरत वळण घेणे छायाचित्रात छान दिसते, पण त्या एका घसरणीने चोपून बसवलेल्या मातीचा कपचा निघतो. ब्रेक वळणात शिरण्याआधी, सरळ तुकड्यात, दोन्ही हातांनी आणि हळूहळू दाबला तर खड्डे उथळ राहतात. डबके दिसले की कडेने जाऊ नये, मधून जावे. कडेने गेल्याने वाट दर पावसात हातभर रुंद होते आणि पाण्यासाठी काढलेला चर बुजतो. हे मी पहिल्या तीन उन्हाळ्यांत एकदाही पाळले नाही, कारण कोणी सांगितले नव्हते. इथल्या मराठी मुलांना मी आता पहिल्या फेरीआधीच हे सांगतो आणि ती ऐकतात.

आपल्या वाचकांशी याचा थेट संबंध आहे, म्हणून शेवटी तेवढे सांगतो. महाराष्ट्रातून शिकायला येणारी मुले बहुधा ऑगस्टच्या उत्तरार्धात इथे उतरतात, वर्ग सुरू होण्याआधी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या सुट्टीत डोंगरावर जातात आणि भाड्याने सायकल घेतात. म्हणजे उन्हाळाभराच्या झिजेनंतर वाटा सर्वांत सुट्या आणि खडबडीत झालेल्या असतात, नेमके तेव्हाच ती पहिल्यांदा त्यांवर पाऊल ठेवतात. त्यांच्या पालकांनी त्यांना जाऊ देऊ नये असे मी म्हणणार नाही. माझा भाचाही पुढच्या उन्हाळ्यात परत गेला आणि आता माझ्यापेक्षा चांगला उतरतो. मुलांनी लिफ्टच्या रांगेत उभे राहण्याआधी गस्तीच्या किंवा दुकानाच्या माणसाला विचारावे की आज कोणती वाट दुरुस्त केलेली आहे आणि कोणत्या वाटेवर उडीनंतरची जमीन खोल गेली आहे. हे लोक आनंदाने सांगतात. पहिली फेरी हिरव्या वाटेने, एकही उडी न घेता, फक्त जमीन पाहण्यासाठी मारावी. रात्रीचा हलका पाऊस होऊन गेलेली सकाळ मिळाली तर बाकीची कामे बाजूला ठेवून जावे. आणि परत येताना एखादा नवा खळगा दिसला असेल तर तो लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला जागेसह सांगावा.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा वाटांच्या रंगांच्या तक्त्याशेजारी जमिनीच्या या अवस्थांनाही चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती. त्यासाठी जुलैच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः उतरून पाहिलेल्या वाटांच्या मातीची नोंद तारखेसह पाठवायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक
बर्नबी, ब्रिटिश कोलंबिया